मोडी कागदपत्रांवर एम.ए.ची प्रबंधिका: विषयनिवडीपासून तळटीपेपर्यंत कामाचा क्रम

सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठ्यांच्या इतिहासावर एम.ए.ची प्रबंधिका लिहिताना विद्यार्थ्यांची जी फजिती होते, ती बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे होते. आधी भारदस्त शीर्षक ठरते, मग ग्रंथालयातील चार पुस्तकांवरून दोन प्रकरणे लिहून होतात, आणि अस्सल मोडी कागद अजून पाहायचेच आहेत हे सादरीकरण तोंडावर आल्यावर आठवते. तोपर्यंत मोडी शिकायला वेळ उरलेला नसतो, अभिलेखागाराची परवानगी आलेली नसते, आणि शेवटी छापील खंडांतले तेच ते उतारे पुन्हा एकदा छापले जातात. पुढे दिलेला क्रम मुख्यतः पुण्यातील पेशवे दप्तर (पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचा संग्रह) आणि त्या प्रकारच्या मराठी कागदांसाठी आहे. कोल्हापूर, मुंबई, पणजी किंवा तंजावर येथे काम करणाऱ्यांनाही तो थोड्या फरकाने लागू पडेल.

टप्पा १: विषयाआधी कागद पाहणे

विषय ठरवताना तीन प्रश्न ओळीने विचारावेत: कोणता प्रदेश, कोणती वर्षे, आणि त्या प्रदेशाचे त्या वर्षांतले कोणते कागद आज हाताशी येऊ शकतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत शीर्षक विद्यापीठाकडे पाठवू नये. ‘पेशवेकालीन शेतीव्यवस्था’ हा प्रबंधिकेचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात शंभर वर्षे आणि निम्मा हिंदुस्थान मावतो. ‘नारायणरावांच्या खुनानंतरच्या दहा वर्षांत इंदापूर परगण्यातील जकात’ असा विषय मात्र मांडता येतो, कारण त्याला प्रदेशाची आणि काळाची मर्यादा आहे. तोही सूचीत पुरेसे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सापडल्यावरच पक्का करावा; न सापडल्यास परगणा बदलावा किंवा वर्षे मागेपुढे सरकवावीत.

थोर पुरुषांची चरित्रे या पातळीवर टाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाजी महाराजांवर किंवा पहिल्या बाजीरावांवर एका वर्षात नवा कागद सापडण्याची शक्यता फार थोडी, आणि जुन्याच कागदांचा नवा अर्थ लावण्यासाठी लागणारी तयारी त्या वयात क्वचितच झालेली असते. एखाद्या कसब्याची पेठ, एखादे देशमुखी वतन, एखाद्या किल्ल्याचा वार्षिक खर्च असे विषय वरकरणी किरकोळ वाटतात. पण परीक्षकाला नवे काही वाचायला मिळते ते तिथेच.

तपासणी: विषयाला थेट लागू पडणारे किमान तीस-चाळीस कागद कोठे आहेत हे रुमाल किंवा खंड क्रमांकासह लिहून दाखवता येत नसेल, तर विषय अजून ठरलेला नाही असे समजावे.

टप्पा २: आधी छापील साधने

अस्सल कागदांकडे जाण्यापूर्वी छापील देवनागरी पत्रे भरपूर वाचावीत. वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतील २२ खंड, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशने ही त्यासाठीची पहिली पायरी होय. हे वाचन दोन कारणांसाठी करायचे असते. एक तर आपल्या विषयावरचे काय छापून झाले आहे ते कळते. दुसरे, त्या काळच्या पत्राची ठरलेली वाक्ये डोळ्यांत बसतात. ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असले पाहिजे’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘मोर्तब सूद’ ही पदे देवनागरीत शंभरदा वाचलेली असली, की मोडीत ती अर्धी फाटलेली असली तरी ओळखू येतात.

इशारा: निवडक कागदांचे खंड हे निवडलेलेच असतात. संपादकांचा कल राजकारण आणि लढाया यांच्याकडे होता. गावगाड्याचे हिशेब, जकातीच्या नोंदी, घरगुती तंटे यांतले पुष्कळसे मागे राहिले. तेव्हा छापील खंडांत एखाद्या गोष्टीचा उल्लेख नाही, एवढ्यावरून ती गोष्ट त्या काळी नव्हती असे विधान कधीही करू नये.

टप्पा ३: मोडी शिकणे

हे काम पहिल्या सत्रातच सुरू व्हायला हवे. पुराभिलेख संचालनालय आणि इतर संस्था मोडीचे लघु वर्ग घेतात. त्यांतून अक्षरओळख होते, वाचन मात्र रोजच्या सरावानेच येते. वर्ग संपल्यावर रोज अर्धे पान, खंड न पडू देता, हा हिशेब ठेवावा. ज्या कागदाचे देवनागरी लिप्यंतर छापलेले आहे त्याची मूळ मोडी छायाप्रत मिळवावी, आधी स्वतः वाचून लिहावे आणि मग छापील वाचनाशी ताडून पाहावे.

अडचणी कोठे येतात ते आधीच ठाऊक असलेले बरे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. सगळी ओळ सलग धावते, आणि शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे असते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. अनुस्वार असतोच असे नाही. त्यात शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे, आणि आंग्लकालीन आणखी वेगळे. शिकवणीच्या पुस्तकांतील मुळाक्षरांचे तक्ते बहुधा शेवटच्या वळणाचे असतात. त्यांच्यावर विसंबून १६७०च्या सुमाराचा कागद वाचायला बसणारा विद्यार्थी पहिल्या ओळीलाच अडखळतो. म्हणून आपल्या कालखंडातील हातवळणाचा स्वतःचा तक्ता तयार करावा. प्रत्येक अक्षराचे दोन-तीन नमुने खऱ्या कागदांवरून उतरवून घेतले की पुढचे काम पुष्कळ हलके होते.

आकड्यांचा सराव वेगळा करावा. हिशेबात रकमेपुढे येणारा उभा दंड हा पूर्णविराम नसून पाव असतो, दोन दंड म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. ‘१०॥’ म्हणजे साडेदहा, ‘१२॥।’ म्हणजे पावणेतेरा. हे दंड गाळून केलेल्या बेरजा ताळेबंदाशी जुळत नाहीत, आणि मग विद्यार्थी पेशव्यांच्या कारकुनाने चूक केली असा शेरा मारून मोकळा होतो. कारकुनांच्या चुका होत नसत असे नाही, पण संशय घेण्याचा क्रम आधी स्वतःपासून सुरू व्हावा.

टप्पा ४: अभिलेखागारात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

विभागप्रमुखांचे पत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, ओळखपत्राच्या प्रती आणि विषयाचे अर्ध्या पानाचे टिपण एवढे सोबत घ्यावे. छायाचित्रणाची परवानगी, प्रतींचे शुल्क आणि एका दिवसात किती रुमाल मिळतात याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे. परगावाहून येणाऱ्यांनी आणि विशेषतः परदेशातून सुटीत येणाऱ्यांनी सणवार आणि सरकारी सुट्यांचे कॅलेंडर पाहूनच तिकीट काढावे.

पहिल्या दिवशी रुमाल मागवू नयेत. सूची वाचाव्यात. पेशवे दप्तरात रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास असे विभाग आहेत, आणि एकाच व्यवहाराचा माग दोन विभागांत मिळू शकतो. रोजच्या नोंदी रोजकीर्दीत, त्याच नोंदी खातेवार लावलेल्या घडणीत, अशी ही रचना असल्याने एका विभागातला फाटका भाग दुसऱ्यावरून भरून काढता येतो. ज्यांनी सूची न वाचता अंदाजाने मागणीपत्रे भरली, त्यांचे पहिले काही दिवस निरुपयोगी बासने सोडण्यात जातात.

रुमाल सोडल्यावर कागदांचा क्रम आहे तसाच ठेवावा. शिसपेन्सिलच वापरावी. नोंदवहीत प्रत्येक कागदासाठी कागदाकडे पाहण्याआधीच विभाग, रुमाल क्रमांक, पुडके (रुमालातील लहान गठ्ठा) क्रमांक आणि कागद क्रमांक लिहून मगच मजकुराला हात घालावा. छायाचित्र घेण्याची मुभा असेल तेव्हा क्रमांकाची चिठ्ठी कागदाशेजारी ठेवून तीही चित्रात येऊ द्यावी, आणि कागदाची मागची बाजूही घ्यावी. शिक्के, पोचीच्या नोंदी, दुसऱ्या हाताने लिहिलेले शेरे हे पुष्कळदा पाठीमागेच असतात.

तपासणी: संध्याकाळी उठण्यापूर्वी दिवसभरातील कोणताही एक कागद निवडून, फक्त नोंदवहीच्या आधारे तो पुन्हा मागवता येईल का, ते पाहावे.

टप्पा ५: लिप्यंतर

लिप्यंतर आणि सारांश ही दोन कामे वेगळ्या पानांवर करावीत. लिप्यंतर ओळीस ओळ असावे. मूळ कागदात जेथे ओळ तुटते तेथेच तोडावी आणि ओळींना क्रमांक द्यावेत. शुद्धलेखन सुधारू नये. ‘पाठविले’ऐवजी ‘पाटविले’ असेल तर तसेच ठेवावे. स्वतः भरलेले अक्षर चौकोनी कंसात, शंकास्पद वाचनापुढे प्रश्नचिन्ह, फाटलेल्या जागी ‘फाटले’ असे कंसात, हा नेम पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच असावा. माणसांची आणि गावांची नावे हा सर्वांत निसरडा भाग आहे. अर्थावरून ती ओळखता येत नाहीत, म्हणून त्या परगण्याची गावांची यादी आधी तयार करून शेजारी ठेवावी.

लिप्यंतर झाल्यावर तो कागद दोन-तीन दिवस बाजूला ठेवून पुन्हा मूळावरून वाचावा. दुसऱ्या वाचनात जे बदल होतात ते खोडून न टाकता तारखेसह समासात नोंदवावेत. मार्गदर्शकांना दाखवायला हे पान फार उपयोगी पडते.

टप्पा ६: तारीख काढणे

प्रबंधिकेतील सर्वाधिक गंभीर चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नये.

पेशवेकालीन पत्रात तारीख बहुधा ‘छ’ या अक्षरानंतर येते. हे ‘चंद्र’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असून पुढे हिजरी महिन्याची तारीख असते: छ ५ रजब, छ १२ सफर. वर्ष मात्र हिजरी नसते. ते शुहूर सनाचे असते, आणि ते अरबी संख्याशब्दांत एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमाने लिहितात. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. अशरीन वीस, सितैन साठ, सबैन सत्तर. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हा सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतो, म्हणजे नव्या कॅलेंडराने जूनच्या आरंभी. त्यामुळे जून ते डिसेंबरमधील कागदासाठी ५९९ आणि जानेवारी ते मेअखेरच्या कागदासाठी ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१ येते. तीच तिथी शालिवाहन शकाने पौष शुद्ध ८, शके १६८२. शकात एरवी ७८ मिळवतात, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. फसली (महसुली) सन महाराष्ट्रात शुहूर सनाबरोबरच बदलतो, परंतु त्याचा आकडा नऊने कमी असतो.

आता एक कल्पित उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. कागदावर ‘छ १० सफर, सुहूर सन सबा सबैन मया व अलफ’ असे आहे. सन ११७७, म्हणजे जून १७७६ ते जून १७७७. हिजरी महिने दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकतात, म्हणून सफर कधी आला हे जंत्रीतच, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा शेजारी देणाऱ्या तक्त्यांतच, पाहावे लागते. त्या सनात तो मार्च-एप्रिल १७७७ मध्ये पडतो. जंत्री न उघडता ५९९ मिळवणारा विद्यार्थी हा कागद १७७६चा ठरवील. सफर त्या वर्षीही मार्च-एप्रिलमध्येच येत असल्याने त्याला शंकाही येणार नाही, आणि १ मार्च १७७६च्या पुरंदरच्या तहानंतर लगेच लिहिलेले पत्र म्हणून तो त्यावर एक प्रकरण उभे करील. कागद त्याहून वर्षभर नंतरचा आहे. ‘सबा’च्या जागी ‘सीत’ वाचणाराही नेमका याच खड्ड्यात पडतो.

शिवकालासाठी ग. ह. खरे यांची आणि पेशवाईच्या बहुतेक काळासाठी बा. प्र. मोडक यांची जंत्री वापरावी. संकेतस्थळांवरील कॅलेंडर-परिवर्तक हिजरी तारीख गणिताने काढतात, चंद्रदर्शनाने नव्हे, म्हणून एखाद्या दिवसाचा फरक राहू शकतो. कागदात वार दिलेला असेल तर त्यावरून ताडून घ्यावे.

आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. पत्राच्या माथ्यावर किंवा पाठीवर ‘पौ’ असे लिहून पुढे जी तारीख असते ती पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची. तिला लिहिल्याची तारीख समजू नये. दोन्ही तारखा असतील तर मात्र पत्राला वाटेत किती दिवस लागले हे फुकटात कळते. उत्तरेकडील कागदांत महिना पौर्णिमेला संपतो. तेथला माघ वद्य हा आपला पौष वद्य असतो. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो, चैत्र प्रतिपदेला नव्हे. पुष्कळशा पत्रांत तर वर्षच नसते, नुसता चंद्र आणि महिना असतो. छापील खंडांत दिसणारे वर्ष संपादकाने अंदाजाने दिलेले असते. ते घेण्यापूर्वी पत्रातील घटना, माणसे आणि छावणीचे ठिकाण त्या वर्षाशी जुळते का हे स्वतः पाहावे.

परकी कागद जोडीला घेणाऱ्यांनी कॅलेंडरांचा भेद लक्षात ठेवावा. पोर्तुगीज १५८२ पासून नवी (ग्रेगोरियन) गणना पाळत होते. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचा आणि अठराव्या शतकात १७५२ पर्यंत ११ दिवसांचा फरक पडतो. मे १७३९ मधील वसईच्या शरणागतीविषयी पणजीतील आणि मुंबईकर इंग्रजांचे कागद शेजारी ठेवले की हा फरक लगेच जाणवतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तोवर २५ मार्चला सुरू होई. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ची, पण त्यांच्या वखारीच्या हिशेबाने तेव्हा १६६३ चालू होते.

तपासणी: प्रत्येक कागदासाठी मूळ तारीख जशीच्या तशी, काढलेली इंग्रजी तारीख, आणि ती कशी काढली याची एक ओळ, असे तीन रकाने भरलेले असावेत.

टप्पा ७: कागद कसला आहे हे ओळखणे

मजकूर खरा की खोटा या प्रश्नाआधी तो कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहिला हे ठरवावे. करीना हे तंट्यातील एका पक्षाने मांडलेले आपले म्हणणे असते. त्यातील पूर्वजांची हकिकत वकिलाच्या युक्तिवादासारखी वाचावी. महजर हा गोतसभेचा, म्हणजे गाव-परगण्यातील वतनदारांच्या सभेचा, निवाडा. त्यात साक्षीदारांची नावे आणि त्यांच्या निशाण्या मिळतात, आणि गावात कोण कोणत्या मानाने बसत होता हे त्यावरून दिसते. ताकीदपत्रावरून एवढेच सिद्ध होते की वरून तसा हुकूम सुटला. तो पाळला गेला का, हे हिशेबांवरून पाहावे लागते. एकाच गोष्टीची ताकीद वर्षानुवर्षे पुन्हा येत असेल तर तो पाळला जात नव्हता हा तर्क अधिक सयुक्तिक ठरतो.

बखरींच्या बाबतीत त्या कधी लिहिल्या गेल्या हे प्रथम नोंदवावे. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. शिवकालातील एकाच प्रसंगासाठी दोहोंना सारखे वजन देऊन ‘बखरी सांगतात’ असे लिहिणे चालणार नाही.

वतनाच्या कागदांत बनावट पुष्कळ. शिक्का, मोर्तब (अखेरचा शिक्का) आणि मायना (आरंभीचा ठरावीक मजकूर) त्या काळच्या रीतीचा आहे का, सन आणि शक एकमेकांशी जुळतात का, ज्या अधिकाऱ्याचे नाव आहे तो त्या साली त्या जागेवर होता का, हे पाहावे. बनावट ठरलेला कागद फेकून मात्र देऊ नये. तो ज्या तंट्यासाठी तयार झाला त्या तंट्याच्या काळचा तो अस्सल पुरावा असतो.

मापे आणि नाणी यांचीही हीच गत. चावर या जमिनीच्या मापात बहुधा १२० बिघे धरतात, पण खंडी, मण आणि शेर परगण्यागणिक बदलतात. रुपयाही टाकसाळीगणिक वेगळा आणि त्यावर बट्टा, म्हणजे बदलताना होणारी वजावट. दोन परगण्यांचे आकडे एका तक्त्यात मांडण्यापूर्वी माप एकच होते याचा पुरावा तळटीपेत द्यावा. तो मिळत नसेल तर तक्ते वेगळे ठेवावेत.

टप्पा ८: लेखन, तळटीपा आणि परिशिष्ट

लेखन मधल्या प्रकरणापासून, म्हणजे कागदांवर आधारलेल्या भागापासून सुरू करावे. प्रस्तावना शेवटी लिहावी. कागदातील उतारा दिल्यावर त्याखाली त्याचाच अनुवाद करून जागा भरू नये. उताऱ्यातून काय निघते एवढेच लिहावे. अस्सल कागदाच्या तळटीपेत अभिलेखागार, विभाग, रुमाल, पुडके, कागद क्रमांक आणि तारीख हा क्रम ठेवावा. छापील खंडातून घेतलेल्या पत्रासाठी खंड आणि पत्रक्रमांक द्यावा, नुसता पृष्ठक्रमांक नव्हे. जे पत्र छापील खंडात वाचले ते अभिलेखागारात पाहिल्यासारखे दाखवू नये. पेशवे दप्तर वापरलेला परीक्षक मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नात त्या कागदाचा रंग, शाई आणि शिक्का विचारतो.

परिशिष्टात सर्वांत महत्त्वाच्या आठ-दहा कागदांचे पूर्ण लिप्यंतर ओळ क्रमांकांसह द्यावे. त्यांच्यासोबत मूळ मोडीची छायाप्रत छापायची असेल तर अभिलेखागाराची लेखी परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. तो अर्ज पहिले प्रकरण हातात असतानाच देऊन ठेवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.